बीजगणिताचे एक वर्ष

आठवीतून नववीत गेलेल्या मुलाला "गेल्या वर्षी बीजगणितात काय शिकलास?" असे कोणी विचारले, की तो पुस्तकाची अनुक्रमणिका म्हणून दाखवितो. बैजिक राशी, एकचल समीकरणे, सूत्रे, अवयव. वडील माणसे 'वा!' म्हणतात आणि बोलणे गुणांवर येते. त्या वर्षात मुलाच्या मनात काय घडले याची विचारपूस आपल्या घरांतून सहसा होत नाही. ते सांगण्याची भाषा मुलाजवळ नसते आणि आपल्याला आपली आठवी आठवत नसते. मी इंदुरात अठ्ठावीस वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकविले. शाळेत हिंदी, घरी मराठी. सेवानिवृत्तीनंतर आता शेजारपाजारची मुले अडले की वही घेऊन येतात, एवढाच त्या विषयाशी संबंध उरला आहे. तरी त्या एका वर्षाविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आमच्याकडे सत्र कागदोपत्री एप्रिलात सुरू होते. पण उन्हाळ्याची सुट्टी संपून पावसाच्या सरी येऊ लागल्या आणि वह्यांना कव्हरे चढली, म्हणजे अभ्यासाला खरी सुरुवात होते. अक्षरे मुलांना सहावीपासून भेटलेली असतात. तरी आठवीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर क्ष काढून "हा कोण?" असे विचारीत असे. (वर्गात अर्थात 'एक्स' म्हणावे लागे, येथे आपल्या जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष लिहिते.) उत्तरे ठरलेली असत. 'जे काढायचे आहे ते', 'अज्ञात', 'काहीही'. एकदा मागच्या बाकावरून 'जो दरवर्षी हरवतो तो' असेही उत्तर आले. यांपैकी 'अज्ञात' आणि 'काहीही' ही दोन उत्तरे एकमेकांहून अगदी निराळी आहेत, हे ध्यानी यायला मुलांना पुढचे सहा महिने लागतात. क्ष + ३ = १० यातला क्ष दाराआड उभा असलेला एकच एक आहे; दार उघडले की तो सात. चौरसाची परिमिती ४ × क्ष, यातला क्ष मात्र जगातल्या कोणत्याही चौरसाची बाजू होऊ शकतो. पुस्तके दोघांनाही एकच अक्षर देतात आणि ही दोन निराळी कामे आहेत हे सांगायला विसरतात.

अक्षरांची ही चाल तशी अलीकडची आहे. ज्ञात राशींना वर्णमालेतली पहिली अक्षरे आणि अज्ञातांना शेवटची, ही पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या १६३७ मधील भूमितीच्या ग्रंथाने रूढ केली. १८९५ साली रेंटगेनला जे अज्ञात किरण सापडले त्यांना त्याने हेच अक्षर दिले, आणि म्हणून आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, त्यातल्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताचे नाव यावत्तावत् असे आहे, म्हणजे 'जेवढे असेल तेवढे'. दुसरा अज्ञात आला तर तो कालक, मग नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी एवढी आद्याक्षरे पुरत. एक वर्ष मी मुलांना हे सांगून रंगीत खडू वापरू दिले. वर्ग खूष झाला. मला स्वतःला मात्र 'यावत्तावत्' हे नाव सगळ्या रंगांहून आवडते. 'तू कितीही अस, मी तुला तेवढाच मानून पुढे चालतो' असा काहीसा सभ्यपणा त्या शब्दात आहे.

अक्षराच्या बाबतीत एक सापळा आहे आणि तो शिकविणारेच लावतात. २अ + ३ब यांची बेरीज का होत नाही, हे समजावताना 'अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरे. आंब्यांत बोरे कशी मिळवाल?' असे सांगण्याची फार जुनी पद्धत आहे. तात्पुरते काम भागते. पण अ म्हणजे आंबा ही वस्तू असे मुलाने एकदा मनात धरले, की अ × ब म्हणजे काय, हे त्याला कधीच सांगता येत नाही. आंबा गुणिले बोर याला अर्थ नाही. अ ही संख्या आहे, फार तर आंब्यांची संख्या किंवा आंब्याची किंमत. हा भेद किती चिवट आहे पाहा. अमेरिकेत १९८० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात मांडायला दिले होते: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व, प्राध्यापकांची प. शेकडा ३७ जणांचे उत्तर चुकले, आणि चुकलेल्यांतील बहुतेकांनी ६व = प असे लिहिले. 'सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक' हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते आणि अक्षरे त्या चित्रातली माणसे झाली होती. आठवीत न सुटलेली गाठ ही अशी पुढे जाते.

त्यानंतर बरोबरचे चिन्ह. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण माझ्या मते वर्षभरातली सर्वांत अवघड गोष्ट हीच. पहिलीपासून मुलाने त्या दोन रेघांचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा लावलेला असतो. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत काय येईल? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नाही; कोणी १२ लिहिले, कोणी १७. आमच्या वर्गांत निकाल इतका वाईट नसे, पण फार चांगलाही नसे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन वस्तू दुसऱ्या नाहीत, असे त्याने कारण दिले होते. त्या दोन रेघांत 'उत्तर' कोठेच नाही, फक्त सारखेपणा आहे.

हे समजावण्यासाठी पुस्तकात तराजूचे चित्र असते. पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत असे दिसू लागले की, निम्म्या मुलांनी तराजू हाताळलेलाच नाही. त्यांच्या दुकानात विजेचा काटा आणि लाल आकडे. शेवटी सियागंजातल्या एका ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून माळ्यावर टाकलेली जुनी तागडी मागून आणली. एका पारड्यात पुरचुंडी आणि दोन वजने, दुसऱ्यात सात वजने. पुरचुंडी न सोडता तिचे वजन सांगा. कोणीतरी दोन्हीकडची दोन-दोन वजने उचलतो, काटा हलत नाही, आणि वर्ग गप्प होतो. एका बाजूस केले ते दुसऱ्या बाजूसही केले तर खरे ते खरेच राहते, एवढीच ती गोष्ट. एकचल समीकरणांचे सगळे प्रकरण त्या न हललेल्या काट्यात आहे.

आता हीच गोष्ट 'पक्षांतर' या नावाने दोन मिनिटांत उरकता येते: पद पलीकडे न्या, चिन्ह बदला. शिकवणी वर्गांत बहुधा असेच उरकतात, आणि आमच्या गावात शिकवणी वर्गांना तोटा नाही. युक्ती खोटी नाही. सराव झाल्यावर मीही तीच वापरीत असे. परंतु तागडीच्या आधी युक्ती आली, की पद पलीकडे उडी मारताना चिन्ह का बदलते हे मुलाला जादूसारखे वाटू लागते. मग ३क्ष = १२ यातला ३ पलीकडे गेला तर तो वजा का होत नाही, असा प्रश्न येतो. तो रास्त प्रश्न आहे, आणि जादूवाल्याजवळ त्याचे उत्तर नसते.

येथे आपल्या घरच्या भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. शेजारची बरीचशी मराठी मुले आता इंग्रजी माध्यमात आहेत. 'सब्ट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एक्स' हे वाक्य त्यांच्यापुढे आले, की अनेकजण ५ − क्ष लिहितात. शब्द ज्या क्रमाने कानावर पडले त्याच क्रमाने. तेच वाक्य मी मराठीत सांगते: क्षमधून पाच वजा कर. क्ष आधी, मग पाच, मग वजा. लगेच क्ष − ५. हिंदीतही 'में से' म्हटले की क्रम असाच लागतो. आपली भाषा गणिताला अधिक योग्य आहे, असा दावा मला करावयाचा नाही. दुसऱ्या ठिकाणी तीही फसविते. परंतु शाब्दिक उदाहरण अडले, तर ते आधी घरच्या भाषेत मोठ्याने सांगायचे, आणि मग लिहायला बसायचे, ही सवय मुलांना लावता आली तर पाहावी. माध्यम कोणतेही असो. परिभाषेचा बाऊ करू नये. मराठीत सहगुणक, हिंदीत गुणांक. आपल्याकडे अवयव, त्यांच्याकडे गुणनखंड. दोन्ही नावे माहीत असलेल्या मुलाला नाव आणि वस्तू निराळ्या असतात, हे आयतेच कळते.

या मुलखाला असल्या दुभाषेपणाची परंपराही आहे. भोपाळच्या वाटेवर सीहोर लागते. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांचा एजंट असलेल्या विल्किन्सनने संस्कृत पाठशाळा चालविली होती. पुण्यात जन्मलेले आणि नागपुरात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकलेले बापूदेव शास्त्री त्याने तेथे आणले. पुढे १८४२ पासून बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले आणि त्यांनी हिंदीत बीजगणिताचे पुस्तक लिहिले. मराठी माणसाने हिंदी मुलांसाठी! सीहोरवरून बस जाते तेव्हा अजूनही मी खिडकीतून उगाच बाहेर पाहते.

आता एका मुलीविषयी. तिचे नाव लिहीत नाही. वडील शिंपी, घर मराठी, तीन पिढ्या इंदुरातच. मुलगी हुशार नाही असे कोणी म्हणाले नसते; पण "मला गणित येत नाही" हे ती आपले गाव सांगावे इतक्या सहजपणे सांगे. त्यात दुःखही नव्हते. आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी दोन बस बदलून जावे लागे. डिसेंबरात एके दिवशी वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, हिच्या डोक्यात गणित नाही बसत. नववी-दहावीत नापासच होणार, तर कशाला इतकं लांब पाठवायचं? दुकानात हात लावेल." बोलण्यात कठोरपणा नव्हता, हिशेब होता.

त्याच सुमारास वयाची उदाहरणे चालू होती. मी एक उदाहरण मुद्दाम घातले होते. आईचे वय ४०, मुलीचे १६. किती वर्षांनी आईचे वय मुलीच्या तिप्पट होईल? तिने मांडले ४० + क्ष = ३(१६ + क्ष). बरोबर मांडले. कंस सोडविला, ४८ + ३क्ष. दोन्हीकडून काढता काढता −८ = २क्ष, आणि क्ष = −४. तेथे पेन थांबले. मग तिने सगळे उदाहरण आडव्या रेघेने खोडून टाकले आणि वही मिटली. मी वही उघडून विचारले, "का खोडलेस?" म्हणाली, "उणे चार वर्षांनी असं काही असतं का?"

मी उत्तर दिले नाही. ताळा घे म्हटले. चाळिसातून चार गेले छत्तीस. सोळातून चार गेले बारा. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. बारा त्रिक छत्तीस. "म्हणजे झालंच आहे. चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "मी पुढचं विचारत होते आणि ते मागे होतं."

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये या संख्यांचे नियम दिले तेव्हा त्याने त्यांना धन आणि ऋण म्हटले, म्हणजे जवळचा पैसा आणि डोक्यावरचे कर्ज. आपण रोज उच्चारतो तो 'ऋण' शब्द त्या अर्थाने किती बोलका आहे! तरी मुले वजा चिन्ह आले की आपले चुकले असे समजतात. उत्तर विचित्र दिसते म्हणून ते खोडायचे नाही, त्याचा ताळा घ्यायचा आणि मग ते काय सांगते ते ऐकायचे, हे शिकायला वर्षातले सगळे तास लागले तरी ते महाग नाही असे मला वाटते. तिने खोडलेले उदाहरण पुन्हा लिहून काढले नाही. रेघेखाली फक्त 'बरोबर आहे' असे लिहिले. ते पान मला आवडले.

वडिलांना मी पुन्हा बोलाविले नाही, दुकानातच गेले. पोलक्याचा पुढचा भाग बेतताना ते छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात दीड इंच मिळवीत. बत्तीसला साडेनऊ, छत्तीसला साडेदहा. मी विचारले, "आणि चाळीस असेल तर?" "साडेअकरा," ते कापडावरून मान वर न करता म्हणाले. मुलीने मात्र मान वर केली. तिने खडू घेऊन कागदावर क्ष भागिले चार अधिक दीड असे लिहिले आणि वडिलांपुढे धरले. "हा क्ष कोण?" त्यांनी विचारले. "कोणतंही गिऱ्हाईक," ती म्हणाली. या उत्तराने ते विरघळले आणि प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. फीचे काय, बसचे काय, तिच्या आईचे काय म्हणणे, असे बरेच बोलणे पुढे महिनाभर चालले. ती नववीला गेली एवढे येथे सांगून टाकते.

जानेवारी-फेब्रुवारीत सूत्रे. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अवर्ग अधिक बवर्ग, असे निदान अर्धा वर्ग लिहितोच. पाठांतराने हे जात नाही. पाठ म्हणतात एक आणि लिहितात दुसरे. त्यांना तेराचा वर्ग काढायला सांगावा. दहाचा शंभर, तिनाचा नऊ, एकूण १०९. पण पाढा तर १६९ म्हणतो. साठ कोठे गेले? मग दहा आणि तीन हात बाजूंचे अंगण फळ्यावर काढायचे. एका कोपऱ्यात दहा दाहे शंभराचा मोठा चौक, समोरच्या कोपऱ्यात तीन त्रिक नवाचा लहान. उरलेल्या दोन पट्ट्या दहा त्रिक तीस, अशा दोन. विसरलेले साठ तेथे असतात, आणि सूत्रातले २अब म्हणजे त्याच पट्ट्या. दिवाळीत रांगोळीचे चौक भरणाऱ्या मुलींना हे चित्र मुलांच्या आधी दिसते, असा माझा अनुभव आहे. अवयवांचे प्रकरण मी येथे सोडून देते. ते सूत्रे उलटी वाचण्याचे काम आहे आणि त्याला सराव लागतो, याहून त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

मार्चमध्ये अभ्यासक्रम संपून दोन-चार तास हाती उरत. त्या वर्षी मी भास्कराचार्यांच्या बीजगणितातले माकडांचे उदाहरण फळ्यावर लिहिले. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरेल त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली. एक फांदीवर दिसते आहे. तर कळप केवढा? हे वर्गसमीकरण आहे, आठवीच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून उत्तरेही मीच लिहिली, पन्नास आणि पाच, आणि ताळा घ्यायला सांगितले. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचे एक. जमले. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक. तेही जमले! आचार्यांनी स्वतः दुसरे उत्तर बाजूस ठेवले आहे, कारण ऋण राशी लोकांना पटत नाही. पण हे मी वर्गाला लगेच सांगितले नाही.

वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणे, ताळा जमतो ना, मग दोन्ही बरोबर. दुसरा म्हणे, उणे दोन माकडे कोणी पाहिली? पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, दोन माकडे गुहेतून बाहेर आली असतील. तेव्हा शिंप्याची मुलगी उठली. "वय मागे जाऊ शकतं," ती म्हणाली, "पण हा कळपाचा भाग आहे. एका माकडातून तीन कशी काढणार?" "मग ताळा कसा जमला?" मुलाने विचारले. ती गप्प झाली, पण खाली बसली नाही. इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी फळा पुसला नाही. डबे उघडले गेले तरी दोन्ही तट फळ्यासमोरच उभे होते, आणि कोणीतरी पाचाच्या पुढे खडूने एक लहानसे माकड काढले होते.